मदत हवी आहे: क्लाइंबिंगचे फोटो खालून काढले की नुसती पाठ आणि बुटांचे तळवेच येतात

नमस्कार मंडळी, इथे क्लाइंबिंग आणि फोटोग्राफी दोन्ही करणारं कोणी असेल तर प्लीज सांगा.

माझी धाकटी बहीण तीन वर्षं प्रस्तरारोहण करतेय. गेल्या महिन्यात तैलबैल्याच्या कड्यावर तिने पहिल्यांदा लीड केलं, म्हणजे वरून दोर नाही, स्वतःच कड्यातल्या बोल्टांना क्विकड्रॉ (दोर अडकवायच्या कड्यांची जोडी) लावत वर जायचं आणि पडलं तर शेवटच्या बोल्टच्याही खाली येऊन थांबायचं. मी खाली बिलेअरच्या (चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याच्या) शेजारी उभी राहून दोनशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन बघते तर सगळ्यात हार्नेस (दोर बांधायचा कमरेचा पट्टा), पाठ आणि बुटांचे तळवे. चेहरा एकातही नाही. आईला दाखवले तर म्हणाली, एवढंसंच चढलात होय? खूप वाईट वाटलं, कारण ती भिंत समोर उभं राहिलं की छाती दडपते आणि फोटोत ती अंगणातल्या कट्ट्याएवढी दिसतेय.

हंपीला बोल्डरिंगला (दोराशिवाय धोंड्यांवर चढायला) गेलो होतो तेव्हा असं झालं नव्हतं. तिथे धोंडे एकमेकांना खेटून आहेत त्यामुळे मी शेजारच्या धोंड्यावर बसले की क्लाइंबर डोळ्यांच्या रेषेत यायचा, संध्याकाळच्या उन्हात तो ग्रॅनाइट केशरी दिसतो, क्रॅशपॅड (खाली पसरलेली जाड गादी) आणि पडणाऱ्याला सावरायला हात वर करून उभे असलेले स्पॉटर पण फ्रेममध्ये, त्यामुळे खाली किती अंतर आहे ते लगेच कळायचं.

दुसरा प्रॉब्लेम उजेडाचा. आपला बेसाल्ट काळा, वर पांढरं आभाळ. आभाळ जास्त आलं की बहीण नुसती सावली दिसते, एक्स्पोजर वाढवलं की आभाळ कागदासारखं कोरं. शटर १/१२५ सेकंद होतं, हात होल्डवर (पकडायच्या खाचेवर) झेपावला की फोटोत हलतो. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, लेन्स १८-५५ आणि लांबचं जवळ आणणारी ५५-२५०.

दोरावर लटकून काढावे का? मी रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं) केलंय, जुमार (दोर पकडून वर चढायचं साधन) कधी नाही. आणि एक, मी मध्येच "इकडे बघ" म्हणून हाक मारली तेव्हा बिलेअर माझ्यावर ओरडला, आणि बरोबरच ओरडला.

प्रतिसाद १
ताई, दोरावरून काढायचे तर तुमचा स्टॅटिक रोप (न ताणणारा दोर) वेगळा आणि त्याचा अँकरही (वर दोर बांधायची जागा) वेगळा, क्लाइंबरच्या दोराशी काही संबंध नको. जुमारच्या खाली थोड्या थोड्या अंतरावर बॅकअप गाठ मारून ती हार्नेसला अडकवायची. आधी दोनचार वेळा कॅमेरा न घेता सराव करा, टीममधल्या अनुभवी माणसासमोरच. क्लाइंबरच्या थोडं वर आणि चारपाच फूट बाजूला लटका म्हणजे ती पुढचा होल्ड शोधायला मान वर करते तेव्हा चेहरा आपोआप मिळतो, हाक मारायची गरजच नाही. खाली बिलेअर आणि दरी आली की उंचीही दिसते. कॅमेरा तुमच्या हार्नेसला बांधलेला हवा आणि दोरावर लेन्स बदलायची नाही, साधं लेन्स कॅप पडलं तरी खालच्याला लागतं. हेल्मेट तुम्हालाही.

प्रतिसाद २
पहिल्याच वेळी लटकायची घाई नको असं मला वाटतं. ५५-२५० घेऊन लांब जा, बाजूच्या धारेवर, जिथून भिंत बाजूने दिसेल. माणूस बोटाएवढा आणि बाकी सगळा कडा, आईंना उंची त्यातच कळेल. बहिणीला लाल नाहीतर पिवळा टीशर्ट घालायला सांगा, काळ्या दगडावर निळा-करडा गडप होतो. मॅन्युअल मोड, शटर १/५००, आणि रॉ मध्येच (नंतर उजेड दुरुस्त करता येतो अशा फाइलमध्ये) काढा. दुपार टाळा, तिरपं ऊन आलं की दगडाच्या खाचा उठून दिसतात. आणि कड्यावर आग्या मोहोळ नाही ना हे आधी बघा, असेल तर फ्लॅश, परफ्यूम, आरडाओरडा काही नको, सरळ दुसरीकडे जायचं.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पुढच्या वेळी धारेवरूनच काढते आणि तोपर्यंत सरावाच्या भिंतीवर जुमार शिकून घेते. फक्त एक सांगा, कॅमेरा हार्नेसला बांधायचा तर त्याच्या स्ट्रॅपच्या कडीतून स्लिंग (मजबूत पट्टीचा फास) घातली तर चालेल का? ती कडी फारच बारीक आहे, मला तिचा भरवसा वाटत नाहीये.