घराकडच्या रस्त्याची कड दरवर्षी पावसात ढासळतीय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. घर माळावर आहे, खालच्या डांबरी रस्त्यापासनं घरापर्यंत ३०० फूट लांब आणि १० फूट रुंद असा कच्चा रस्ता आमचा स्वतःचा आहे, चढ चांगलाच आहे. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, बेळगावात नुसती भुरभुर असते तेव्हा इथं समोरचं माणूस दिसत नाही आणि कणकुंबीकडं गेलं तर त्याहून जास्त. तरणा आणि म्हातारा (पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांचा पाऊस) या दोन पावसांत रस्त्याची जी दशा होते ती बघवत नाही.

झालंय असं की चार वर्षांमागं जेसीबी लावून उजव्या कडंनं चर मारून घेतला, सरळ वरनं खाली, दीड फूट खोल. जेसीबीवाला म्हणाला पाणी यातनं जाईल, रस्त्याला काय होत नाही. पहिल्या वर्षी बरं वाटलं. आता तोच चर कुठं ४ फूट कुठं ५ फूट खोल झालाय, वरची जांभ्याची टणक पापडी फुटली की खालची मऊ माती लोण्यासारखी कापत जाते आणि रस्त्याची कड खालनं पोकळ होऊन एकदम बसते. १० फुटांचा रस्ता एका जागी साडेसहा फूट उरलाय.

आई ७६ वर्षांची आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. जुलैमध्ये तिला दवाखान्यात न्यायचं होतं तर रिक्षा वर यायला तयार नाही, शेवटी मी आणि भावानं खुर्चीत बसवून त्या चिखलातनं खाली आणलं. ती काय बोलली नाही पण तिनं खुर्चीचे हात किती घट्ट धरले होते ते मला अजून दिसतंय. म्हणून यंदा दिवाळीच्या आत काम करायचंच.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगतो म्हणजे तेच परत कुणी सुचवायला नको. गेल्या उन्हाळ्यात ६ ट्रॉली मुरूम टाकून ट्रॅक्टरनं दाबून घेतला, वळवाच्या दुसऱ्याच पावसात निम्मा खाली डांबरी रस्त्यावर. मग चरात मोठे दगड आणून टाकले, तर पाणी दगडांना वळसा घालून बाजूची माती कापायला लागलं, म्हणजे उलट जास्तच नुकसान.

आणि खरी अडचण पुढं आहे. रस्त्याच्या उजव्या हाताला खाली चुलत काकांचं भाताचं शेत आहे, सगळं पाणी आणि गाळ तिकडंच जातोय. त्यांची ताल (शेताचा मातीचा बांध) दोनदा फुटली. काका भांडत नाहीत, स्वतः खोरं घेऊन ताल बांधतात, पण मला त्यांच्याकडं बघायची लाज वाटते. डाव्या हाताला साधारण ६० फुटांवर ओढा आहे, पाणी तिकडं न्यायचं तर रस्त्याखालनं पाईप घालावा लागेल. सिमेंटचं गटार बांधायचं म्हटलं तर तेवढं बजेट नाही. कुणी असं काम केलंय का? काय आधी करू?

प्रतिसाद
मी चंदगडचा, आमच्याकडं पण अशीच माती आणि असाच पाऊस, म्हणून लिहितोय. मुरूम आत्ता टाकू नका, तो सगळ्यात शेवटी. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची माती ओढायची ताकद चौपट होते, आणि तुमच्या सरळ चरानं वेगच वाढवलाय. पहिलं काम वरती. माळावरचं पाणी रस्त्याला लागायच्या आधीच आडवा चर मारून ओढ्याकडं वळवा, त्याला उतार अगदी थोडा द्यायचा, १०० फुटाला ६ इंच पुष्कळ झाला. निम्मं दुखणं तिथंच कमी होईल.

मग आहे त्या चरात दगडाचे छोटे आडवे बांध घाला. तुम्ही नुसते दगड टाकलेत म्हणून पाणी वळसा घालून गेलं. बांधाची दोन्ही टोकं काठात फूटभर आत घुसवायची आणि मधला भाग टोकांपेक्षा ६ इंच खाली ठेवायचा म्हणजे पाणी मधनंच पडतं, आणि जिथं पडतं तिथं खाली दगड अंथरायचे. दोन बांधांतलं अंतर काढायची सोपी रीत म्हणजे खालच्या बांधाचं डोकं वरच्या बांधाच्या पायाच्या लेव्हलला यायला पाहिजे. मागं गाळ साचत जातो आणि चर आपोआप भरून पायऱ्या होतात. गौंड्याकडचा लेव्हल पाईप आणून उतार मोजून घ्या, अंदाजानं करू नका.

प्रतिसाद
चराच्या काठावर वाळा लावा. मुळं सरळ खाली १० फुटांपर्यंत जातात, बाजूला पसरत नाहीत त्यामुळं काकांच्या भाताला त्रास नाही, जून झालेल्या पात्याला जनावरं पण फारशी तोंड लावत नाहीत. ४-५ इंचावर एक असं दाट लावायचं, विरळ लावलं तर मधनं पाणी वाट काढतं. आत्ता लावलं तर उन्हाळाभर पाणी घालावं लागेल, नाहीतर मृगात लावा.

धागा लिहिणारा
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी लेव्हल पाईपनं मोजलं, ३०० फुटांत २४ फूट उतार निघाला. म्हणजे दीड फुटाचा बांध धरला तर साधारण १९ फुटांवर एक, १५-१६ बांध होतील, बरोबर ना? जांभ्याचे तुकडे घराच्या मागं पडलेत ते वापरतो. वरचा माळ अडीच एकर आहे, त्याला पाईप केवढा लागेल?

प्रतिसाद (चंदगड)
हिशोब बरोबर आहे. एका एकरावर तासात २ इंच पाऊस पडला तर २ लाख लिटर पाणी होतं. अडीच एकराचं निम्मं जरी वाहून आलं तरी सेकंदाला ७० लिटर, १ फुटी पाईपच्या तोंडाशी ते काठोकाठ येतं, त्यात काजूचा पालापाचोळा अडकला की रस्त्यावरनंच जाणार. दीड फुटी घ्या, एनपी ३ वाला, म्हणजे सळ्या घातलेला सिमेंटचा जाड पाईप, गाडीचं वजन सोसतो. वर किमान फूटभर माती दाबून भरा आणि दोन्ही तोंडांना दगड बसवा. रस्ता करताना मधे अडीच इंच उंच ठेवा म्हणजे पाणी दोन्ही कडंला उतरतं.

धागा लिहिणारा
दीड फुटीच घेतो मग. काल काकांना सगळं दाखवलं, ते म्हणाले थोडं पाणी माझ्याकडं येऊ दे, भाताला लागतंयच, गाळ तेवढा अडव. आता एवढंच विचारायचंय, पाईप वरच्या वळणाजवळ घालू की अजून ८० फूट खाली, जिथं ओढा जवळ येतो पण रस्ता सगळ्यात अरुंद झालाय? आडव्या चराची आखणी त्यावरच अडून आहे. जेसीबी पुढच्या गुरुवारी सांगितलाय, त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.