प्रोसेसर खराब झाला आहे, हे खात्रीने कसे ओळखावे?

खारावारा (वेंगुर्ले):

नमस्कार. मी दशावतारी नाटकांचे चित्रीकरण आणि संकलन करतो. जत्रांच्या हंगामात एकेका रात्रीची फाइल ५०-६० जीबीची होते. माझ्या तीन वर्षांच्या डेस्कटॉपवर गेल्या गणपतीपासून विचित्र प्रकार सुरू झाले आहेत. रेंडर (संकलित चित्रफीत अंतिम फाइलमध्ये उतरवणे) कधी १२ टक्क्यांवर तुटते, तर कधी ८० वर. झिप फाइल उघडताना सीआरसी (फाइल शाबूत आहे का ते ताडून पाहण्याचा आकडा) जुळत नाही असा संदेश येतो आणि तीच फाइल दुसऱ्या खेपेस विनातक्रार उघडते. आठवड्यातून दोनदा विंडोज बंद पडून निळा पडदा येतो आणि त्यावरचे कारण दर वेळी निराळे असते. विंडोज नव्याने टाकून पाहिली, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदलून पाहिला, पण काहीच फरक नाही.

दुकानदाराने मशीन दहा मिनिटे चालवून "प्रोसेसर गेला" असे सांगितले आणि नव्याचा भावही दिला. प्रोसेसर सहसा जात नाही, असेच मी आजवर ऐकत आलो आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष नक्की त्याचाच आहे हे घरी तपासता येईल का?

चिरेबंदी (रत्नागिरी):

तुमच्या प्रश्नातला सर्वांत बोलका तपशील तीच झिप फाइल दुसऱ्या खेपेस उघडते हा आहे. डिस्कवरची फाइलच बिघडलेली असती, तर ती दर वेळी त्याच जागी अडली असती. म्हणजे फाइल बहुधा धड आहे आणि ती वाचून हिशेब करणाऱ्यांपैकी कोणीतरी मध्येच चुकतो आहे; तो रॅम असेल, मदरबोर्ड असेल किंवा प्रोसेसर.

प्रोसेसर जात नाही हा समज मात्र आता सोडलेला बरा. दोषाची पहिली जात रचनेतली. १९९४ साली गाजलेला इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचा दोष असाच होता. भागाकारासाठी वापरायच्या कोष्टकातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या, त्यामुळे ठरावीक आकड्यांचा भागाकार त्या मालिकेतला प्रत्येक सदोष प्रोसेसर अगदी सारखाच चुकवत असे. थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करताना तो सापडला. अशा दोषाला मी तरी प्रामाणिक दोष म्हणेन, कारण तो हवा तेव्हा पुन्हा दाखवता येतो.

दुसरी जात झिजेची. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, की मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला त्याचा स्वतःचा प्रोग्राम) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. त्यामुळे गाभ्याला (कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला हिशेब करणारा एक स्वतंत्र भाग) ठोका म्हणजे क्लॉक पुरवणाऱ्या मंडलाची झीज होत असे आणि तो गाभा नीट चालण्यासाठी लागणारे किमान व्होल्टेजच हळूहळू वर सरकत असे. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून बायोसमधून (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्राममधून) सुधारणा मिळू लागल्या आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली गेली, पण एकदा झालेली झीज सुधारणेने भरून येत नाही. तिथेही अनेकांना पहिली चाहूल लागली ती खेळ सुरू होताना येणाऱ्या "व्हिडिओ मेमरी अपुरी" या दिशाभूल करणाऱ्या संदेशातून. तुमचा प्रोसेसर या दोन पिढ्यांतला आहे का, हे आधी पाहावे.

तिसरी जात मला सर्वांत भीतिदायक वाटते. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये एका सर्व्हरची हकीकत मांडली होती. १.१ चा ५३वा घात काढून त्याचा पूर्णांक घेतला, तर १५६ यायला हवा. त्या प्रोसेसरचा एकच गाभा शून्य सांगत असे. फाइल उलगडताना तिचा आकार शून्य निघे आणि ती मुकाट्याने गायब होई. ना निळा पडदा, ना एखादा संदेश. तुमचे मशीन निदान ओरडते तरी आहे.

आता तपासणी. बायोस मूळ सेटिंगवर आणा आणि एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवण्याचे सेटिंग) बंद करा, कारण रॅम वेगाने पळवणे हेही एक प्रकारचे ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने दामटणेच, आहे. मग विंडोजमधल्याच सर्टयुटिल या आज्ञेने तुमच्या एखाद्या मोठ्या चित्रफितीचा हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ठसा; फाइल तीच असेल, तर तो दर वेळी एकच यायला हवा) तीनदा काढा. फाइल रॅमपेक्षा मोठी हवी, नाहीतर पुढच्या वेळी ती डिस्कऐवजी रॅममधल्या प्रतीवरूनच वाचली जाईल. तिन्ही उत्तरे एकच आली नाहीत, तर रॅमची एकच पट्टी ठेवून तेच करा, मग दुसरी पट्टी, मग दुसरा स्लॉट. मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा. प्रत्येक पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये चुकली, तर प्रोसेसरवरचा संशय बळावतो, कारण रॅमचा नियंत्रक त्याच्याच पोटात असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या घटकाच्या) नोंदी दर वेळी एकाच गाभ्याकडे बोट दाखवत असतील, तर तोही पुरावाच धरावा.

पागोळी (दापोली):

वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त आपल्या किनाऱ्याचा एक मुद्दा जोडतो. रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो. सोने गंजत नाही, पण मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खारी दमट हवा खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोचते. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. अनेक जण खोडरबराने घासतात. तसे वारंवार केल्यास मुलामाच निघून जातो.

चिरेबंदी:

मुद्दा रास्त आहे, तरी कोकणात पंखा अडला तरी खाऱ्या हवेलाच दोष देण्याची आपल्याला खोड आहे. आधी हॅश काढू द्या.

खारावारा:

सर्वांचे आभार. माझा प्रोसेसर त्या दोन पिढ्यांतला नाही. ५८ जीबीच्या फाइलचे तीन हॅश तीन प्रकारचे आले, तेव्हा आधी पोटात गोळाच आला. नंतर एकेक पट्टी लावून पाहिली. चौथ्या स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्या बरोबर चालल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही चुकल्या. माझ्या टेबलाची खिडकी समुद्राकडे उघडते आणि दुसरा स्लॉट त्या बाजूच्या पंख्याच्या अगदी तोंडाशी आहे. भिंगातून पाहिले, तर त्याच्या पाच-सहा पिनांवर देवघरातल्या न घासलेल्या ताम्हनासारखी हिरवट कळा दिसली.

अल्कोहोल आणि मऊ ब्रशने स्लॉट साफ करून, एक दिवस सुकवून, दोन्ही पट्ट्या बसवल्या. मेमटेस्ट८६ रात्रभर एकही चूक न दाखवता चालले आणि हॅशही आता तिन्ही वेळा एकच येतो. एक्सएमपी बंदच ठेवले आहे. दुकानदाराला नवा प्रोसेसर नको म्हणून कळवले. मात्र एक शंका उरते. गणपतीपासून याच मशीनवरून जुन्या नाटकांच्या प्रती मी दुसऱ्या हार्डडिस्कवर उतरवत होतो आणि त्यांतल्या काही मूळ फाइली पुसूनही टाकल्या आहेत. त्या प्रती शाबूत आहेत की नाहीत, हे मूळ फाइलशिवाय कसे तपासावे?

चिरेबंदी:

जुना हॅश जपलेला नसेल, तर पक्के उत्तर मिळणार नाही. एफएफएमपेग या चित्रफिती हाताळणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक फाइल आरंभापासून शेवटपर्यंत डीकोड करून चुकांच्या नोंदी पाहाव्यात, म्हणजे ठळक बिघाड तरी सापडतील. कॅमेऱ्याची कार्डे अजून फॉरमॅट केली नसतील, तर त्यांना आता हातही लावू नका.

खारावारा:

दोन कार्डे शिल्लक आहेत. बाकीच्यांवर पुढच्या जत्रेचे चित्रीकरण झाले.