ठाण्यातली नौपाडा-चरई पुन्हा राहती करायची तर आधी मजले की आधी रस्ता?

नौपाडाकर
स्टेशन, तलावपाळी, गडकरी रंगायतन, जांभळी नाक्याची मंडई सगळं पायी, तरी नवी कुटुंबं घोडबंदरला जातात. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती पाडायलाच हव्यात. पण गल्ली 9 मीटर झाल्याशिवाय मजले वाढवू नयेत. 12 घरांच्या जागी 48 आली, घरटी 5 माणसं आणि माणशी 135 लिटर धरलं, तर रोजचं पाणी 8,100 वरून 32,400 लिटरवर जातं. नळजोडणी आणि मलवाहिनी मात्र जुन्याच मापाची. मग टँकर येतो, आणि तो उभा राहिला की गल्ली बंद. पावसात चिखलवाडी आणि वंदना परिसर आताच तुंबतोय.

चरई_दुसरा_मजला
तोवर इमारत सी-1 यादीत जाईल, म्हणजे रिकामी करून पाडायची. मुळात 6 मीटरची गल्ली 9 ची होते ती दोन्हीकडच्या प्लॉटांनी दीड-दीड मीटर सोडल्यावर, आणि ते इमारत पडल्याशिवाय सुटत नाही. 9 मीटरखाली टीडीआर (दुसरीकडच्या जमिनीचा विकत घेता येणारा बांधकामाचा हक्क) नाही, टीडीआर नाही तर विकासक नाही. तुमच्या अटीने काहीच हलणार नाही.

नौपाडाकर
पट्टी सुटते, पण तुकड्यांत. मध्ये एक जुनी इमारत राहिली की बंब तिथेच अडतो, आणि सुटलेल्या तुकड्यावर दुचाक्या लागतात. शिवाय लहान प्लॉटवर पार्किंग बसत नाही: 1:10 चढ धरला तर 3 मीटर उंचीसाठी 30 मीटर रॅम्प लागतो. म्हणून कार लिफ्ट बसवतात. ती बिघडली की गाड्या रस्त्यावर. गल्लीच्या एका टोकापासून सलग चार-पाच सोसायट्या एकत्र घ्या, एकच रॅम्प होईल.

कागद_आधी
एकत्र येणार कशा? कित्येक सोसायट्यांच्या नावावर जमीनच नाही. मोफा या फ्लॅट-मालकी कायद्याच्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डरने करून दिली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याचा) अर्ज, मग प्रॉपर्टी कार्डावर नाव, मग सहकार कायद्याच्या कलम 79अ खाली पुनर्विकासाची सभा, 51 टक्के संमती. पागडीचे भाडेकरू असतील तर तो गुंता वेगळाच. पाच सोसायट्यांत एकीचं अडलं की पाचही थांबतात.

चरई_दुसरा_मजला
पाच नकोत, शेजारच्या दोन पुरेत. रॅम्पचा प्रश्न तेवढ्याने बराच सुटतो. नौपाडाकर, तुमची तुकड्यांची भीती रास्त आहे, पण तिच्यासाठी मजले कशाला अडवायचे? सोसायटीने टेंडरमध्येच लिहावं: रस्त्याची पट्टी पालिकेच्या ताब्यात दिल्याशिवाय आणि नवी कुंपणभिंत मागे घेतल्याशिवाय जोत्याच्या वर काम नाही.