पाच मीटर ओलांडले नाहीत म्हणून स्तेफानिदी मोठी नाही?

मैदानवेडा (धागाकर्ता):
महिलांच्या पोल व्हॉल्टचा (लांब काठीच्या आधारे उंच उडी) विषय निघाला की चर्चा रशियाच्या विश्वविक्रमवीर येलेना इसिनबायेवापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ग्रीसच्या कॅटेरिना स्तेफानिदीचं नाव घेतलं की लगेच प्रश्न येतो, "पण ती पाच मीटर कुठे गेली?" मला हा निकषच चुकीचा वाटतो. 2005 साली माराकेशला, वयाच्या 15व्या वर्षी, ती जागतिक युवा विजेती झाली. 2016 ला रिओत ऑलिंपिक सुवर्ण, 2017 ला लंडनमध्ये जागतिक सुवर्ण, 2016 आणि 2018 ला युरोपियन विजेतेपद. 2022 मध्येही म्युनिकच्या युरोपियन स्पर्धेत रौप्य. सतरा वर्षं वरच्या फळीत राहणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

उंची_बोलते:
पदकं मान्य, पण हा खेळ उंचीचा आहे. इसिनबायेवाने 2008 ला बीजिंगमध्ये 5.05 मीटरवर सुवर्ण घेतलं. रिओत 4.85 पुरले. शिवाय रशियाच्या ॲथलेटिक्सवर बंदी असल्याने इसिनबायेवा तिथे नव्हतीच. स्तेफानिदीची आयुष्यातली सर्वोत्तम उडी 4.91. उत्तम खेळाडू म्हणा, महान कशाला?

मैदानवेडा:
रिओत अमेरिकेची सँडी मॉरिस होती, तीही 4.85 वरच थांबली. कमी चुकांच्या जोरावर सुवर्ण स्तेफानिदीला मिळालं. त्याच मॉरिसने काही आठवड्यांत ब्रुसेल्सला 5.00 पार केले. म्हणजे त्या दिवशी समोर पाच मीटर उडणारी बाई होती. पुढच्या वर्षी लंडनमध्ये हीच मॉरिस 4.75 वर अडकली आणि स्तेफानिदी 4.91 गेली, ग्रीसचा राष्ट्रीय विक्रम, तोही जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत! उंची आणि दडपण दोन्ही एकाच दिवशी पेलली तिने.

सायली_ट्रॅक:
विक्रमवाल्यांनी 2009 आठवावं. बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत इसिनबायेवाला अंतिम फेरीत एकही उंची पार करता आली नाही, पोलंडची अ‍ॅना रोगोव्स्का 4.75 वर विजेती. त्याच ऑगस्टमध्ये झुरिकला इसिनबायेवाने 5.06 चा जागतिक विक्रम केला. पुरुषांच्या पोल व्हॉल्टमध्ये सोव्हिएत संघाच्या सर्गेई बुबकाचंही तेच. विक्रमांचा ढीग, पण ऑलिंपिक सुवर्ण एकच, 1988 चं. बार्सिलोनात एकही उडी यशस्वी नाही. या खेळात ठरल्या दिवशी वारा, धाव, पोलची निवड असं सगळं जुळावं लागतं.

उंची_बोलते:
मग बुबकाला कोणी कमी लेखतं का? नाही! लोकांच्या लक्षात त्याचा 6.14 मीटरचा विक्रम आहे. माझा मुद्दा हाच आहे. पदक त्या दिवशी आलेल्यांमध्ये पहिलं असल्याचं सांगतं, उंची सगळ्या पिढ्यांशी तुलना करते. दोहात 2019 च्या जागतिक स्पर्धेत 4.85 वर स्तेफानिदीला कांस्य मिळालं आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये 4.80 वर ती चौथी आली. इतरांनी उंची वाढवली, तिची वाढली नाही.

सायली_ट्रॅक:
अमेरिकेच्या केटी मूनचंही सर्वोत्तम 4.95 आहे. टोकियोची ऑलिंपिक विजेती, जागतिक सुवर्णं वेगळी. तिलाही बाद करणार?

अथेन्सप्रेमी:
मला तिच्यातली एक वेगळी गोष्ट मोठी वाटते. मार्च 2020 मध्ये कोविड पसरत असताना खेळाडूंना सराव सुरू ठेवायला सांगितलं जात होतं. तेव्हा तिने ऑलिंपिक समितीला जाहीरपणे विचारलं, आमचं आणि घरच्यांचं आरोग्य धोक्यात का घालायचं? दोनच दिवसांनी, 19 मार्चला, अथेन्सच्या रिकाम्या पॅनाथेनाइक स्टेडियममध्ये तिनेच टोकियोला जाणाऱ्या ऑलिंपिक ज्योतीचं कुंड पेटवलं. 24 ला टोकियोचे खेळ पुढे ढकलले गेले. चाललेल्या सोहळ्याचा भाग असताना सवाल करायला हिंमत लागते.

उंची_बोलते:
त्याबद्दल आदर आहेच, पण धागा कारकिर्दीचा आहे. माझ्या यादीत इसिनबायेवा, मग अमेरिकेची जेन सूर, मग मून. स्तेफानिदी चौथी.

मैदानवेडा:
सूरचं खुल्या मैदानावरच्या (इनडोअर नव्हे) जागतिक स्पर्धेतलं सुवर्ण दाखवा, मग तिला स्तेफानिदीच्या वर ठेवू. 2013 ला मॉस्कोत तिचं रौप्य होतं.