खुन्याने पापनिवेदन केलं, आता फादरने काय करायचं?

अर्धीमुर्धी_लेखिका: कादंबरी लिहितेय, रहस्य आणि प्रेम दोन्ही असलेली. मी ख्रिस्ती नाही, म्हणून विचारते. खुनी फादरपुढे कबुली देतो आणि फादर पोलिसांना निनावी चिठ्ठी टाकतात, हे चालेल का? दुसरं, नायिकेचा कोर्टात घटस्फोट झालाय. शेवटी तिचं चर्चमध्ये दुसरं लग्न लावून दिलं तर?

मागचा_बाक: चिठ्ठी आधी फाडा! मी कॅथलिक घरातली, त्यात रहस्यकथांची वेडी. असं पान आलं की पुस्तक मिटते. पापनिवेदनात ऐकलेलं फुटलं तर फादर आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतात, आणि ती शिक्षा उठवणं रोमच्या, म्हणजे पोपच्या दरबाराच्या हातात असतं. चिठ्ठी निनावी असली म्हणून सुटका नाही.

खरी गंमत गुप्ततेच्या कलमाच्या पुढच्या कलमात आहे, कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतलं ९८४ वं. गुपित फुटण्याची शक्यता नसली तरी, कबुली देणाऱ्याचं नुकसान होईल असा त्या माहितीचा वापरच करायचा नाही. समजा, तुमचा खुनी चर्चचा हिशेबनीस आहे. एवढ्यावरून फादर त्याच्याकडून तिजोरीची किल्लीसुद्धा काढून घेऊ शकत नाहीत. रोज सकाळी त्याला "काय, बरं ना?" विचारायचं, मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) तो रांगेत आला की त्याच्या हातावर ख्रिस्तप्रसाद ठेवायचा. यावर तीन प्रकरणं आरामात निघतील. "स्वतःहून हजर हो" असं फादर त्याला तिथल्या तिथे सांगू शकतात, तो प्रसंग नक्की लिहा.

फट हवीच असेल तर कबुली चुकून कुणाच्या तरी कानावर पडू द्या. गुप्तता त्या माणसावरही बंधनकारक आहे, पण त्याच्यासाठी आपोआप बहिष्कार नाही. म्हणजे तो डगमगू शकतो.

धुळकट_कपाट: चमत्काराने उकल मात्र करू नका. रहस्यकथेत अलौकिक काही नको, हा नियम १९२९ साली लिहिणारे रोनाल्ड नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. आणि इंग्रज लेखक चेस्टरटनचे गुन्हे उकलणारे धर्मगुरू फादर ब्राऊन, पहिल्याच कथेत चोर खरा पाद्री नाही याची त्यांना खात्री पटते ती कशावरून? पाद्र्याच्या वेशातला तो चोर बुद्धीलाच नावं ठेवतो, आणि ते धर्मशास्त्रात बसत नाही यावरून! ती कथा १९१० ची आहे. चेस्टरटन स्वतः कॅथलिक झाले १९२२ मध्ये.

अर्धीमुर्धी_लेखिका: बाप रे. मग लग्नाचं?

मागचा_बाक: कोर्टाचा कागद चर्चमध्ये पुरत नाही. पहिला नवरा हयात असेल तर चर्चच्या न्यायासनाने ते लग्न मुळात वैधच नव्हतं असं ठरवावं लागतं, म्हणजे संमती खरी नव्हती, फसवणूक झाली होती वगैरे. साक्षीदार लागतात. पूर्वी तो निकाल दुसऱ्या न्यायासनाकडूनही कायम व्हावा लागे, ती अट पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये काढली. तरी वाट बघणं आलंच, आणि प्रेमकथेला अजून काय हवं? नायिकेला पहिल्या लग्नाबद्दल परक्यांपुढे खरं बोलायला लावा. पहिला नवरा साक्षीला येतो आणि चक्क चांगला वागतो, असंही करून बघा.

फादरनाच प्रेमात पाडू नका बाई, ते फार झालंय. त्यापेक्षा हे बघा: इटालियन लेखक मांझोनीच्या 'ई प्रोमेस्सी स्पोझी' कादंबरीत नायिका लुचिया संकटात मारियामातेला कौमार्याचा नवस बोलते, आणि मिलानच्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करणारा संन्यासी फ्रा क्रिस्तोफोरो तिला त्यातून मोकळं करतो. तिचं रेन्झोशी लग्न आधीच ठरलेलं, तेव्हा एकटीने तसं वचन द्यायचा तिला हक्कच नव्हता, असं तो समजावतो. दोघांची ताटातूट आणि भेट, दोन्ही श्रद्धेतूनच.

अर्धीमुर्धी_लेखिका: हिशेबनीस घेतला! कबुली कानावर पडते ती ऑर्गन वाजवणाऱ्या मुलीच्या. आता नायिका तीच करावी का, याच विचारात आहे.