मदत हवी आहे: डाय डायल्युशनच्या कर्व्हमधला दुसरा उंचवटा कुठे कापायचा?

नमस्कार मंडळी, मी नाशिकला फर्स्ट इयर एमबीबीएसला आहे, फिजिऑलॉजीच्या एका गणितावर दोन दिवस अडकलोय: रक्तात डाय (रंग) सोडून हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं (फ्लो) ते काढायचंय. ६ मिग्रॅ इंडोसायनिन ग्रीन हा डाय शिरेत दिलाय आणि धमनीतली कॉन्सन्ट्रेशन दर सेकंदाची दिलीय. स्ट्युअर्ट-हॅमिल्टनचं सूत्र म्हणजे फ्लो = डोस भागिले कॉन्सन्ट्रेशन-वेळ कर्व्हखालचा एरिया, एवढं कळलं. मला ते गोदावरीचं उदाहरण देऊन समजावलं होतं, रामकुंडाच्या वर रंग टाका नि खाली मोजा, पण नदीचं पाणी फिरून परत रामकुंडावर येत नाही ना, रक्त येतं, त्यामुळे डाय परत मोजला जाऊन कर्व्हला दुसरा उंचवटा येतो, आणि तिथेच घोळ झालाय. दुसऱ्या उंचवट्यासकट एरिया ९६ मिग्रॅ-सेकंद प्रतिलिटर येतो, म्हणजे फ्लो ३.७५ लिटर प्रतिमिनिट, उत्तर मात्र ५ दिलंय, म्हणजे एरिया ७२ हवा.

सेमीलॉग पेपरवर (कॉन्सन्ट्रेशनचा अक्ष लॉगचा) कर्व्हचा उतरता भाग सरळ रेषेत खाली वाढवायचा हे माहितीये, पण रेषेसाठी पॉइंट नेमके कुठून कुठपर्यंत घ्यायचे? एखादा पॉइंट बदलला की उत्तर हलतं. आणि सर्क्युलेशन टाइम म्हणून डाय पहिल्यांदा दिसतो ती वेळ धरायची की मीन ट्रान्झिट टाइम (डायला पोचायला लागणारा सरासरी वेळ)? मधल्या रक्ताचा व्हॉल्यूम काढायला मीन ट्रान्झिट टाइम लागतो असं वाटतंय. परवा व्हायवा आहे, कुणीतरी सांगा प्लीज.