मदत हवी आहे: इंडोनेशियाचा हलाल कायदा, तुरुंगवास नक्की कुणाला?

नमस्कार मंडळी. सिन्नर एमआयडीसीत आमचं कांदा पावडरचं युनिट आहे. इंडोनेशियाच्या खरेदीदाराने करारात अट टाकलीये: हलालच्या नियमांचा भंग झाला तर सगळी जबाबदारी आमची.

तिथला २०१४ चा ३३ क्रमांकाचा कायदा चाळला. सर्टिफिकेट घेतल्यावर मालाचं हलालपण राखलं नाही, तर कलम ५६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद किंवा २ अब्ज रुपियापर्यंत दंड. म्हणजे आपले कोटभर रुपये! घटक बदलला तर कळवणंही बंधनकारक आहे.

कांद्यात कसलं आलंय हराम, असं वडील म्हणतात. पण गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे स्टिअरेट घालतात, ते प्राण्याच्या चरबीचंही असू शकतं. सप्लायर बदलायचा विचार आहे, म्हणून धास्ती.

तर, नुसतं कळवायचं राहिलं तर नोटीस, दंड, सर्टिफिकेट रद्द एवढ्यावर भागतं की थेट फौजदारी? आणि केस आमच्यावर होते की तिथल्या आयातदारावर? आमचे सीए म्हणतात, सही करून टाका. मला ते पटत नाही. नाशिकमध्ये निर्यात करारांचं काम करणारा वकील कुणी सुचवेल का? द्राक्ष-बेदाणावाल्यांनी जरूर सांगा.